जसं होतं तसं

गुदैबियातल्या ह्या फ्लॅटची आतली दारं
आम्ही काल उतरवली. तीन.
हॉलचं, मधल्या खोलीचं, आणि एक
जे कुठून कुठे जातं
हे सहा महिन्यांत मला नीट कळलंच नव्हतं.

दमट हवेनं फुगलेली दारं.
ऑगस्टात खांदा लावल्याशिवाय हलत नसत,
आणि हलली की अर्धी खोली खात.
दार सोफ्याला अडे, सोफा फ्रिजला,
फ्रिजसमोर मी.
एकानं वळायचं तर बाकीच्यांनी पोट आत घ्यायचं.

नातूर म्हणाला, काढा, पण फेकू नका.
करारात आहे, सोडताना घर
जसं होतं तसं.
(आणि आम्ही? हे मी मनात विचारलं.)

गुलशेर सुतार मगरिबनंतर आला,
कानावर पेन्सिल, ओठांत दोन स्क्रू.
बिजागऱ्यांवर रंगाचे इतके थर
की पेचकस टेकवायला चीरच मिळेना.
तो खरवडत गेला.
पांढरा, पिस्ता, एक भयंकर गुलाबी,
मग लाकूड, आणि लाकडात चार भोकं.
"कडी होती, बाजी. कुलपाची.
खोलीखोलीत माणसं राहत असणार,
सहा, आठ."

दार आडवं केलं तेव्हा मागच्या बाजूला
पेन्सिलीनं लिहिलेली एक यादी.
लिपी माझ्या ओळखीची नाही. आकडे होते,
चाळीस, चाळीस, पस्तीस, चाळीस.
गावी धाडलेले दिनार असतील
नाहीतर आंघोळीच्या पाळ्या, नावापुढे वेळ.

दाराचं दुसरं टोक जयवंतच्या हातात होतं.
तो टेकवेना.
लग्नाआधी नऊ वर्षं तो मुहर्रकला होता,
अशाच एका खोलीत, वरच्या बर्थवर.
तिथले त्यानं मला फक्त विनोदी किस्से सांगितलेत:
कुणाची लुंगी, कुणाचं घोरणं, कुणी केलेली मीठ विसरलेली आमटी.
काल तो दाराशी बोलावं तसा म्हणाला,
"दारामागचा खिळा माझा होता.
शर्ट, टॉवेल, आईची पत्रं एका पिशवीत.
कुणी आत आलं
की माझं सगळं सामान भिंतीवर आपटायचं."

गुलशेरनं ओठांतले स्क्रू काढून
माझ्या हातावर ठेवले. गरम होते.

आता स्वयंपाकघरातली खिडकी
थेट पलंगापर्यंत येते.
एका एसीत दोन खोल्या गार होतात, म्हणजे
दोन्ही अर्ध्या.
मोहरी तडतडली की शर्वरी झोपेत शिंकते.
तिनं शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकलं,
तिन्ही चौकटींतून चालत जाऊन बघितलं,
परत आली.
"छान आहे. पण मी चिडले
तर आपटू काय?"
ह्याचं उत्तर दोघांपैकी कुणाकडेच नव्हतं.

दारं पलंगाखाली आहेत.
बिजागऱ्या दूधपावडरच्या डब्यात,
डब्यावर चिठ्ठी: हॉल, डावं, वरून दुसरी.
आम्ही तीन बंद दारांवर झोपतो
आणि झोप बरी लागते, मला तरी.

रात्री तो पाणी प्यायला उठला.
चौकटीशी थांबला. हात पुढे गेला,
मुठीएवढी हवा धरली, फिरवली.
मग स्वतःशीच हसला, मला वाटतं हसलाच,
आणि परत येताना
रिकाम्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केली.
मी "ये" म्हटलं.
असं मी त्याला कधी म्हटलं नव्हतं.

सकाळी बघते तर चौकटीत खिळा,
नवा, जरा वाकडा,
आणि त्यावर त्याचा कालचा शर्ट.
वाऱ्यानं हलत होता, कशावरही न आपटता.

खिळ्यांबद्दल करारात वेगळं कलम आहे,
पान चार.
मी अजून तिथपर्यंत पोचलेले नाही.